सुगंधा धुरी विरुद्ध बाजूने बोलली

“वाचन समजलं. पण चर्चा कशाला?” असं आमच्या शाळेचे चिटणीस मार्तंडराव गुप्ते यांनी मला विचारलं, आणि मंडळ काढायचंच हे माझं तिथल्या तिथे ठरलं. त्याआधी खरं म्हणजे माझं नक्की नव्हतं. पण मला कुणी “कशाला?” विचारलं की माझ्यात काहीतरी ताठ होतं. आमचे हे म्हणतात, ती मान.

ही गोष्ट पंचावन्न-छप्पन सालच्या सुमाराची. मी अंधेरीच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. मुली समोर मला भडकमकर बाई म्हणत आणि पाठीमागे भडकबाई. माझं म्हणणं साधं होतं. मुली धडे पाठ करतात, उत्तरं पाठ करतात, निबंधातला सूर्योदयसुद्धा पाठ करतात. तर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसून काहीतरी आपल्या मनाने वाचावं आणि त्यावर आपल्या मनाने बोलावं. यात कोणाच्या बापाचं काय जाणार होतं? (एका बापाचं काय जाणार होतं ते पुढे येईलच.)

मार्तंडरावांनी अर्ज करायला सांगितला. मी केला. मग तो मोठ्या बाईंच्या मार्फत यायला हवा होता म्हणून परत आला. मोठ्या बाईंच्या मार्फत गेला तर ‘मंडळ’ या शब्दापाशी अडला, कारण मंडळ म्हटलं की घटना लागते, घटना म्हटली की समिती लागते, आणि समिती म्हटली की अध्यक्ष लागतो. अध्यक्ष व्हायला मार्तंडराव नाइलाजाने तयार झाले. इतका आनंदी नाइलाज मी त्यानंतर पाहिलेला नाही.

अटी मात्र त्यांनी घातल्या. राजकारण नको, कारण बाहेर राज्याच्या प्रश्नावरून लोक आधीच तापले होते. धर्म नको. प्रेम तर नकोच नको. “निरुपद्रवी विषय घ्या,” ते म्हणाले, आणि पहिला विषय त्यांनी स्वतःच दिला: चहा हितकारक की अपायकारक?

आमच्या शेजारी भाऊ राहत. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. सकाळी आमच्या दारात उभं राहून आमचंच वर्तमानपत्र वाचायचं आणि आम्हाला सल्ला द्यायचा, असा त्यांचा दिनक्रम. ते म्हणाले, “उत्कृष्ट विषय. यातून काहीही निष्पन्न होणार नाही.”

निष्पन्न झालं ते असं. आठवीतली मार्तंडरावांची कन्या शुभा चहाच्या विरुद्ध बोलली आणि इतकं छान बोलली की सगळ्या मुलींनी चहा सोडायचं ठरवलं. नुसता प्यायचा सोडला असता तर चाललं असतं. पण शुभाने तर्क पुढे नेला: जे विष आपण पीत नाही ते वडिलांना करून देणं म्हणजे पितृद्रोह. रविवारी सकाळी वर्सोव्याच्या रस्त्यापासून गुंदवलीपर्यंत कितीतरी घरांतले वडील वर्तमानपत्र घेऊन बसले आणि तसेच बसून राहिले. मार्तंडराव स्टेशनजवळच्या इराण्याकडे गेले. तिथे त्यांना आणखी तीन पालक भेटले.

“बाई, तुम्ही मुलींना नक्की काय करताय?” त्यांनी सोमवारी विचारलं.

“विषय तुमचाच होता,” मी म्हटलं.

यानंतर काही आठवडे मला चर्चा आवरून वाचनावर भर द्यावा लागला. वाचनाला पुस्तकं हवीत, म्हणून मी पालकांना घरातली जुनी पुस्तकं द्यायची विनंती केली. लोक उदार असतात, विशेषतः माळा साफ करताना. आमच्याकडे मागच्या दशकातली पंचांगं आली, गुरांच्या रोगांवरचा एक ग्रंथ आला, आगगाडीची वेळापत्रकं आली. आणि एक कादंबरी आली, जिची शेवटची पानं उंदरांनी नेली होती.

ती कादंबरी आम्ही वाचली. नायिका तुफानात होडीत बसली आहे आणि काठावर दोघं उभे आहेत, तिथे पुस्तक संपलं. मग वर्गात जो गोंधळ उडाला, तो ऐकून शिपाई धावत आला. प्रत्येकीकडे वेगळा शेवट. ही म्हणे त्या डॉक्टरशी लग्न, ती म्हणे त्या कवीशी, कुंदा सरपोतदार म्हणे होडी उलटते आणि दोघंही बुडतात, काठावर उभे असले तरी. पुढच्या बाकावर एक काळीसावळी, चापूनचोपून दोन वेण्या घातलेली मुलगी बसली होती. नववीतली सुगंधा धुरी. ती एरवी बोलत नसे. तिने हात वर केला.

“बाई, ती वल्हं मारून तिसऱ्याच बाजूला जाईल. होडी तिच्याकडेच आहे ना?”

मी त्या संध्याकाळी घरी आले ती गाणं म्हणतच. आमचे हे म्हणाले, “काय झालं?” मी सांगितलं. ते म्हणाले, “मग पुढच्या काठावर तिला कोण भेटतं?” म्हणजे बघा, बँकेत आयुष्य काढलेल्या माणसालासुद्धा चर्चा करावीशी वाटली. मंडळ चांगलंच मूळ धरत होतं, आणि तेच मला नडलं. आता आपण मोठं काहीतरी करावं असं मला वाटायला लागलं.

स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. मी वादविवाद ठेवायचं सुचवलं, पालकांसमोर, मंडपात, व्यासपीठावर. विषय मोठ्या बाईंनी दिला: मुलींनी मॅट्रिकपर्यंत शिकावे की न शिकावे? मार्तंडरावांनाही तो पसंत पडला. मुलींच्या शाळेत या प्रश्नाचं उत्तर एकच येणार, तेव्हा धोका नाही, असा त्यांचा हिशेब. भाऊ म्हणाले, “अनुकूल बाजू तगडी द्या, प्रतिकूल बाजू एखाद्या बावळट मुलीला द्या. कचेरीत आम्ही चौकशी अशीच करायचो.”

मला ते पटलं नाही. वादविवाद म्हणजे वादविवाद. दोन्ही बाजूंना मुली हव्या होत्या आणि ‘न शिकावे’ म्हणायला एकही तयार होईना, म्हणून मी चिठ्ठ्या टाकल्या. कुंदाला ‘शिकावे’ आली. सुगंधाला ‘न शिकावे’ आली. तिचा चेहरा उतरला.

मी तिला बाजूला घेतलं. “अगं, वकील नाही का, समोर जो येईल त्याची बाजू मांडतो? बाजू आपली नसली तरी मुद्दे जोरदार हवेत. मुद्दे शोधायला मी मदत करते.”

“नको बाई,” ती म्हणाली. “मुद्दे आहेत. घरी रोज ऐकते.”

या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. पण त्या वेळी मी मंडपाच्या कनातीच्या काळजीत होते.

संमेलनाचा दिवस आला. मंडप भरला. अध्यक्ष मार्तंडराव प्रास्ताविकाला उभे राहिले आणि शाळेची इमारत कशी उभी राहिली ते सांगू लागले; इमारत उभी राहिली तरी ते काही बसले नाहीत. अखेर मोठ्या बाईंनी घंटा वाजवली. कुंदा बोलली ती छानच बोलली, निबंधासारखी. सूर्योदयसुद्धा आणला तिने. मग सुगंधा उठली.

पहिलं वाक्य ती इतकं हळू बोलली की मागून “मोठ्यानं!” असा आवाज आला. तिने मान वर केली, पदर खोचावा तशी ओढणी खोचली, आणि पोरीच्या तोंडून तिची सबंध चाळ बोलायला लागली. भाकरी थापायला त्रिज्या ठाऊक असावी लागत नाही. अकबर कधी मेला हे माहीत असलं म्हणून बांगड्याच्या तिखल्याला चव येत नाही. मुलगी मॅट्रिक झाली की नवरा त्याच्या वरचा शोधावा लागतो, आणि वरचा नवरा वरूनच बोलतो. आई दिवसभर पाण्याला उभी राहते आणि मुलगी भूगोलात नद्या मोजते! लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेत एक उंचापुरा माणूस, पांढरं धोतर, काळी टोपी, डोळे पुसत होता.

पहिलं बक्षीस अर्थातच सुगंधाला मिळालं. परीक्षकांचा नाइलाज होता. तो माणूस उठून माझ्याकडे आला. सुगंधाचे वडील, गुणाजी धुरी. मूळचे मालवणकडचे, पूर्वी गिरणीत होते, आता साकीनाक्याला एका कारखान्यात. त्यांनी मला हात जोडले.

“बाई, माझ्या चेडवान आज माझे डोळे उघडल्यान.”

मी म्हटलं, “अहो, तिची मेहनत!” आणि तरंगत घरी गेले.

सोमवारी सुगंधा शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी कुंदा वर्गाबाहेर मला गाठून म्हणाली, “बाई, सुगंधाला शाळेतून काढलं. तिचे बाबा म्हणाले, मी इतके दिवस विचारातच होतो, शिकवू की नको. आता पोरीनंच चारचौघांत सांगितलं, तेव्हा प्रश्न मिटला. लालबागच्या कुणा मुलाकडच्यांना निरोप गेलाय.”

“मुद्दे आहेत, घरी रोज ऐकते,” हे तिचं वाक्य मला आता ऐकू आलं. आणि लगेचच माझी मान ताठ झाली.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी जोगेश्वरीला धुऱ्यांच्या घरी जायला निघाले. भाऊ म्हणाले, “अशा बाबतीत अनुभवी माणूस बरोबर हवा,” आणि टांग्यात चढून बसले. टांगेवाल्याला कुठल्या रस्त्याने जावं हे ते सांगत होते. टांगेवाला ऐकत नव्हता, घोडा मात्र ऐकत असावा, कारण लेण्यांच्या फाट्यापाशी तो जो थांबला तो हलेचना. शेवटी आम्ही चालत निघालो. वाटेत तबेले. एका म्हशीने शेपटी अशी फिरवली की माझ्या इस्तरीच्या पातळावर शेणाचा एक झोकदार शिंतोडा उमटला. शिक्षिकेचा रुबाब म्हणून जे काही मी घरून बरोबर घेतलं होतं, ते धुऱ्यांच्या चाळीत पोचेपर्यंत म्हशीने काढून घेतलं.

गुणाजी धुरींनी मात्र आमचं स्वागत एखाद्या संस्थानिकासारखं केलं. बाकड्यावरची चादर झटकली, कोकमाचं सरबत मागवलं. त्यांची बायको, जानकी, उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. आतल्या अंधारात सुगंधा उभी होती.

मी सरळ मुद्द्यावर आले. “गुणाजीराव, तुमचा गैरसमज झालाय. ती तिची बाजू नव्हतीच. तिला ती चिठ्ठीत आली.”

“चिठ्ठीत?”

“चिठ्ठ्या टाकल्या आम्ही. कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते ठरवायला.”

“म्हणजे ती जा काय बोलली, ता तिच्या मनात नव्हता?”

“नव्हतंच मुळी!” मी विजयाने म्हणाले.

“मगे खोटा बोलली.”

“खोटं नाही हो. वादविवादात...”

“मनात एक आणि तोंडात एक, त्याका आमच्यात खोटाच म्हणतत, बाई.” आवाज चढलेला नव्हता, तो दुखावलेला होता, आणि ते फार वाईट. “माका वाटला, पोर खऱ्या मनान बोलली. मी रडलंय थंय, सगळ्यांसमोर. आणि तुमी म्हणतास, ता सोंग? आणि त्या सोंगाक तुमी बक्षीस दिलात?”

मी आधारासाठी भाऊंकडे पाहिलं. भाऊ सरबताचा पेला खाली ठेवून म्हणाले, “मुद्दा बिनतोड आहे.”

निघताना गुणाजींनी आम्हाला दोन नारळ दिले. इतक्या सन्मानाने कुणी मला हरवलं नव्हतं.

ते तिथेच थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण गुणाजी सरळ माणूस. त्यांनी मार्तंडरावांना गाठून अगदी नम्रपणे विचारलं, शाळेत मुलींना खोटं बोलायला शिकवतात हे तुम्हाला ठाऊक आहे काय? मार्तंडरावांना ते ठाऊक नव्हतं, पण ऐकल्यावर लगेच पटलं. चहाचं दुःख त्यांच्या मनात अजून ताजं होतं. मला कार्यकारिणीसमोर बोलावण्यात आलं. शुक्रवारपर्यंत अंधेरीत गोष्ट अशी पसरली होती की भडकमकर बाई मुलींना शपथेवर खोटं बोलायचे धडे देतात. भाजीवालीने मला वजन दाखवताना तराजू दोनदा उचलून दाखवला.

मार्तंडराव म्हणाले, “मंडळ बंद.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “जाऊ दे गं उत्तरा, पुढच्या वर्षी बघू.”

भाऊ म्हणाले, “माफी मागून टाका. मी मसुदा करून देतो.”

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “त्या मुलीचं काय करायचं मग?”

सगळ्यांत तेवढंच शहाणपणाचं बोलणं झालं. मंडळाचं पुढच्या वर्षी बघता आलं असतं. सुगंधाचं पुढच्या वर्षी लालबागला बघावं लागलं असतं.

मी मार्तंडरावांकडे गेले आणि सांगितलं, “मंडळ बंद करायचंय ना? करा. पण पालकांना बोलावून, सगळ्यांसमोर करा. माझ्यावरचा आरोप काय तो मला तिथे ऐकू दे. अध्यक्ष अर्थातच तुम्ही.”

शेवटचं वाक्य बोलताना मला स्वतःचीच लाज वाटली, पण काम झालं. त्यांनी लगेच तारीख दिली.

आता पालकसभा म्हटलं की आमच्याकडे वडील येतात. पालक हा शब्दच जणू धोतर नेसतो. म्हणून मी निरोपात स्पष्ट म्हटलं, आईसह यावे. मोठ्या बाई म्हणाल्या, “आया कशाला येतील? दुपारची वेळ.” तेव्हा मी घरोघर गेले. गुंदवलीत गेले, आंबोलीत गेले, पुन्हा जोगेश्वरीलाही गेले, या खेपेला जुनं पातळ नेसून आणि भाऊंना न सांगता. गुणाजी कामावर गेले होते. जानकी नळावर होती. मी तिला म्हटलं, “तुम्हीही या. तुमच्या मुलीचा प्रश्न आहे.” तिने हंडा डोक्यावर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “बघतंय.” एवढंच.

सभेला वर्ग पुरेना म्हणून बाकं व्हरांड्यात आणली. मुली खिडक्यांना लटकल्या होत्या. मार्तंडरावांनी प्रास्ताविक केलं. इमारत पुन्हा एकदा उभी राहिली. मग गुणाजींना बोलायला सांगितलं.

ते उठले. मला वाटलं होतं की हा कारखान्यातला माणूस सभेपुढे अडखळेल आणि मग मी मोठ्या मनाने त्याला सांभाळून घेईन. छे! त्यांनी टोपी सारखी केली, एक पाऊल पुढे टाकलं, आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचणारा असा आवाज लावला की खिडकीतल्या मुली गप्प झाल्या. बाईंबद्दल त्यांना आदर होता. शाळेबद्दल आदर होता. पण लेकराच्या तोंडात मनाविरुद्धचे शब्द घालणं हे पाप आहे, आज चिठ्ठी काढून शिक्षणाविरुद्ध बोलेल, उद्या चिठ्ठी काढून आईबापाविरुद्ध बोलेल. हात कधी छातीवर, कधी आभाळाकडे. शेवटच्या वाक्याला त्यांनी आवाज असा खाली आणला की मागच्या बाकांवरचे लोक पुढे वाकले. टाळ्या पडल्या. मी स्वतः वाजवायला निघाले होते, पण सावरले.

मी उत्तराला उठले. काय बोलले ते आता सांगत नाही. तर्कशास्त्र, न्यायालय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष असं सगळं मी आणलं, आणि लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते त्या नजरेने मी एरवी पंचांगाच्या गठ्ठ्याकडे पाहते. बोलता बोलता मला कळत होतं की मी हरते आहे.

तेवढ्यात बायकांच्या बाकावरून आवाज आला. “मी बोलू काय?”

जानकी उभी होती. मार्तंडराव म्हणाले, “तुमचं नाव कार्यक्रमात नाही.” ती तोवर नवऱ्याकडे वळली होती. सभा वगैरे तिच्या खिजगणतीत नव्हती.

“गावाक जत्रेत तुमी दशावतारात काम करीत होतात ना?”

गुणाजी दचकले. “तेचा हय काय?”

“रातभर तुमी रावण होवन सीतेक पळवलात. सकाळी घराकडे येवन माझ्या हातची पेज जेवलात. तेव्हा मी इचारलंय काय, सीता खंय ठेवलात म्हणान?”

व्हरांड्यात कुणीतरी फसकन हसलं. जानकी हसली नाही.

“आणि आदल्या साली तुमी मंदोदरी होतात. लुगडा माझाच नेसलात. रावणाक सांगत होतात, परस्त्रीक परत धाड. सगळो गाव रडलो. मगे खरा खयचा? मंदोदरी खरी की रावण खरो? दोन्ही वेळा तोंड एकच होता.”

आता सगळेच हसायला लागले. मार्तंडराव टेबल आपटत होते, पण त्यांचंही पोट हलत होतं. गुणाजींचा चेहरा लाल झाला. मला भीती वाटली, की माणूस अपमानाने उठून जाईल आणि मुलीला पुन्हा कधी दारात उभं करणार नाही. मी काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला. कलावंताचाच हात तो. हसू थांबलं.

“खरा असा,” ते सावकाश म्हणाले. “रावणाचा काम केलंय मी. पण दशावतारात लोकांक माहीत असता, ह्यो रावण म्हणजे गुणाजी धुरी. तोंडाक रंग असता, डोक्यार मुकुट असता. माझ्या चेडवाच्या तोंडाक खंय रंग होतो? हय कोणी सांगितल्यान काय, की ह्या सोंग असा म्हणान?”

आणि माणूस अगदी बरोबर बोलत होता. चिठ्ठ्या वर्गात टाकल्या होत्या; मंडपातल्या लोकांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं कुणी होतं? मी हळूच अध्यक्षांकडे पाहिलं. मोठ्या बाईंनीही पाहिलं. प्रास्ताविकात ती घोषणा करायची म्हणून मीच त्यांना दोनदा आठवण करून दिली होती, पण इमारतीच्या पायाभरणीत ती गाडली गेली होती.

मार्तंडरावांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. “तांत्रिक त्रुटी राहिली,” ते म्हणाले, “हे अध्यक्ष मान्य करतात.” त्यांच्या तोंडून असं वाक्य यापूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं. बोलावणं नसताना येऊन बसलेल्या भाऊंनी तर उभं राहून अनुमोदन दिलं.

गुणाजी मात्र अजून उभेच होते. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. आईबरोबर आलेली सुगंधा तिथे होती, गजांना धरून.

“सुगंधा, भायर ये. आता सोंग नाय, चिठ्ठी नाय. तुका काय व्हया ता सांग.”

ती पुढे आली. आई बघत होती, बाप बघत होता, मीही बघत होते. आम्ही सगळ्यांनी या मुलीवर इतके दिवस इतकी चर्चा केली होती, आणि तिला हा प्रश्न आज पहिल्यांदा कुणी विचारत होतं.

“मला शाळेत यायचंय,” ती म्हणाली.

“कित्याक?”

खरं सांगते, त्या क्षणी मी पदर सारखा केला. आता ही सांगेल, मंडळाबद्दल सांगेल, वाचनाबद्दल, कदाचित बाईंबद्दल दोन शब्द. मी चेहऱ्यावर विनय आणून ठेवला.

“भूमितीसाठी,” सुगंधा म्हणाली. “वर्तुळाचे सिद्धांत अर्धेच झालेत. पुढचे घरी करून बघितले, पण एक सुटतच नाही. मला पुढे गणितच करायचंय. कॉलेजातपण.”

कोपऱ्यात बसलेल्या गणिताच्या सुनंदाबाई एकदम उभ्या राहिल्या. अत्यंत अबोल बाई, त्यांचा आवाज शिक्षकखोलीतही कुणी फारसा ऐकला नव्हता. “कुठला सिद्धांत?” त्यांनी विचारलं. आणि भर सभेत दोघी वर्गातल्या फळ्याकडे निघाल्या. मार्तंडराव “अहो, अहो” करत राहिले.

गुणाजी खिडकीतून फळ्याकडे बघत होते. सुगंधाने वर्तुळ काढलं, हातानेच, पण काय सुरेख काढलं! त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, मलाही नव्हतं. “लालबागवाल्यांका सांगूक व्हया,” ते जानकीला म्हणाले. जानकी म्हणाली, “मी कालच सांगितलंय.” बाईने सभेच्या आदल्या दिवशीच निकाल लावून टाकला होता, आणि आम्ही उगाच पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करत बसलो होतो.

आमचे हे संध्याकाळी सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे मराठीसाठी नाही तर.” मी त्यांना त्या दिवशी चहा दिला नाही.

मंडळ बंद करायचा ठराव त्या गडबडीत मांडायचाच राहून गेला, तेव्हा ते चालू राहिलं. पुढच्या शनिवारी वर्ग भरला. मागच्या बाकावर चार आया येऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि जायलाही कुणी सांगितलं नाही. मुली तावातावाने भांडत होत्या. सुगंधा पुढच्याच बाकावर होती, पण तिची मान खाली होती. मी जवळ जाऊन पाहिलं. मांडीवरच्या पाटीवर वर्तुळ, त्यात त्रिकोण, त्याच्या बाजूंना बारीक बारीक अक्षरं.

माझ्या मंडळात, माझ्या समोर, भूमिती! मान ताठ होऊ लागली. मी ती आवरली आणि तिथेच उभी राहिले. तिने एक रेघ ओढली, थांबली, पुसली, पुन्हा ओढली. मग पेन्सिल खाली ठेवली.

“सुटलं?” मी विचारलं.

“सुटलं, बाई.”

“मग उठ आता, आणि बोल.”